मंत्रिमंडळात पक्ष फार नाही, फार कमी आहे

नवं मंत्रिमंडळ शपथ घेतं, त्या दिवसापासून पुढचे आठ-दहा दिवस महाराष्ट्रात एक ठरावीक वाद रंगतो. एक बाजू यादी घेऊन बसते. शिक्षणमंत्री स्वतः किती शिकलाय, आरोग्यमंत्र्याने सरकारी दवाखाना आतून पाहिलाय का, कृषिमंत्र्याच्या सातबाऱ्यावर किती एकर जमीन आहे, वगैरे. दुसरी बाजू निष्ठेचा हिशेब काढते. सतरंज्या उचलणारे सतरंज्याच उचलत राहिले आणि काल आलेल्यांची वर्णी लागली, ही तिची तक्रार. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण मूळ निदानावर त्यांचं एकमत असतं: मंत्र्यांची निवड पक्षीय राजकारणाने नासवली. मला हे निदानच चुकलेलं वाटतं. मंत्री निवडताना पक्षाचा विचार होतो, हे आपलं दुखणं नाही. तो होत नाही, हे आहे. जो होतो तो हिश्शाचा विचार, आणि हिस्सा म्हणजे पक्ष नव्हे.

पक्षाचा विचार होतो म्हणजे काय होतं? एका कार्यक्रमावर मतं मागितलेली माणसं तो कार्यक्रम राबवायला आत जातात, आणि कार्यक्रम फसला तर एकत्र बाहेर पडतात. या व्याख्येवर आपली गेल्या काही वर्षांची मंत्रिमंडळं तपासून बघा. महाविकास आघाडीच्या सरकारात पाणीपुरवठा खातं गुलाबराव पाटलांकडे होतं. ते सरकार पाडून आलेल्या सरकारातही त्यांच्याकडेच राहिलं आणि २०२४ नंतरच्या सरकारातही. अन्न व नागरी पुरवठा हे छगन भुजबळांचं खातं २०१९ च्या सरकारात होतं, २०२३ मध्ये ते समोरच्या सरकारात गेले तेव्हाही होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचा पत्ता कट झाला, ते खातं धनंजय मुंडेंकडे गेलं. मार्च २०२५ मध्ये मुंडेंनी राजीनामा दिला आणि मे महिन्यात भुजबळ शपथ घेऊन पुन्हा त्याच खात्यात बसले. या माणसांच्या कुवतीबद्दल मी इथे काही म्हणत नाही. एकच माणूस तेच खातं परस्परविरोधी सरकारांत सांभाळत असेल, तर त्यात कारभाराचं सातत्य आहे असंही कोणी म्हणेल. फक्त त्याला पक्षीयपणाचा अतिरेक म्हणू नये. पक्षीयपणा इतका पातळ याआधी क्वचितच झाला असेल.

कृषी खात्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते अब्दुल सत्तारांना मिळालं. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचा एक गट सरकारात आला, त्यांना वजनदार खाती द्यायची होती, म्हणून ते धनंजय मुंडेंकडे गेलं. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये माणिकराव कोकाटेंकडे आलं. जुलै २०२५ मध्ये, विधान परिषदेत बसून मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळत असल्याची चित्रफीत फिरली, त्यांनी ते नाकारलं, पण खातं काढून घेतलं गेलं. गेलं कुणाकडे? त्यांच्याच पक्षाच्या दत्तात्रय भरणेंकडे, आणि भरणेंचं क्रीडा खातं कोकाटेंकडे. म्हणजे तीन वर्षांत चार कृषिमंत्री. यातला एकही बदल पीकविमा, सोयाबीनचे भाव किंवा कापसाचं बियाणं यांवर मतभेद झाला म्हणून झालेला नाही. २०२३ नंतर तर खातं कुठल्या गटाच्या वाट्याचं, एवढं कायम ठेवून माणसं हलवली गेली. भाऊबंदकीच्या वाटणीत विहीर ज्याच्या वाट्याला आली त्याच्याच घरात राहते, पाणी कोण शेंदतो हा त्याचा घरगुती प्रश्न, तसं. शेतकऱ्याने या चौघांपैकी कुणाला, कुठल्या धोरणासाठी जबाबदार धरायचं?

आता तज्ज्ञांची बाजू. ती हलकी नाही, आणि तिची थट्टा करून भागणार नाही. १९९१ साली परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं असताना नरसिंह राव यांनी अर्थखात्यासाठी पक्षातला कुणी ज्येष्ठ शोधला नाही. आय. जी. पटेल यांनी नकार दिल्यावर त्यांनी मनमोहन सिंगांना बोलावलं. त्याआधी, १९५० मध्ये, नेहरूंनी चिंतामणराव देशमुखांना अर्थमंत्री केलं: आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, काँग्रेसच्या चळवळीशी संबंध नाही. दोघांनीही पक्षातल्या कुणाही समकालीनाहून चांगलं काम केलं, हे मान्य करायला मला अडचण नाही. एखाद्या खात्यात, एखाद्या वेळी, पक्षाबाहेरचा जाणकार हवा असतो. घटनेने त्याची सोयही केली आहे: सभागृहाचा सदस्य नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येतं, तेवढ्यात निवडून यावं लागतं.

पण १९९१ चं काय शिकवलं जातं आणि काय झालं, यात फरक आहे. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. काँग्रेसचेच खासदार उसळले. वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान व अल्पभूधारक शेतकऱ्यांना तीतून वगळलं गेलं. अर्थशास्त्राच्या वर्गात याला राजकीय दबावापुढे नमणं म्हणतील. मी म्हणेन, दोन एकरवाल्याचा आवाज अर्थखात्यात पोचण्याचा त्या दिवशी तेवढाच रस्ता होता, आणि तो पक्षातून जात होता. आणि उरलेला अर्थसंकल्प टिकला तोही अर्थमंत्री हुशार होता एवढ्याने नव्हे. अल्पमतातलं सरकार चालवणारा, गल्लीपासून दिल्लीपर्यंत पक्षाचं राजकारण कोळून प्यायलेला माणूस पाठीशी उभा होता म्हणून. तेच मनमोहन सिंग पुढे स्वतः पंतप्रधान झाले, तेव्हा कुणाला मंत्री घ्यायचं हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात राहिलं नाही. टू-जी प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०११ मध्ये, वाहिन्यांच्या संपादकांसमोर त्यांना आघाडीच्या मर्यादांबद्दल बोलावं लागलं. माणूस तोच, ज्ञान तेच. बदललं होतं ते त्याच्या भोवतीचं राजकारण.

तज्ज्ञाला मागे पक्ष नसला तर त्याचं काय होतं, याचं आपल्या इतिहासातलं सर्वांत जळजळीत उदाहरण बाबासाहेबांचं आहे. १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळाचा दाखला पक्षविरहित निवडीचे समर्थक हमखास देतात, आणि तो आहेही देखणा. काँग्रेसवर आयुष्यभर टीका केलेले आंबेडकर विधिमंत्री. हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योगमंत्री. जस्टिस पक्षाच्या परंपरेतले षण्मुखम चेट्टी अर्थमंत्री. अर्थतज्ज्ञ जॉन मथाई रेल्वेमंत्री. पण हे चित्र दाखवणारे पुढची चार वर्षं दाखवत नाहीत. चेट्टी १९४८ मध्ये गेले. मथाई १९५० मध्ये, नियोजन आयोगाच्या प्रश्नावर. मुखर्जी त्याच वर्षी, नेहरू-लियाकत करारावर. आंबेडकर सप्टेंबर १९५१ मध्ये. राजीनाम्याची कारणं त्यांनी सविस्तर सांगितली आहेत. अर्थशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक, पण नियोजनाचं खातं देण्याचं आश्वासन मिळूनही ते हाती आलं नाही. परराष्ट्र, संरक्षण अशा मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर त्यांना घेतलं नाही. आणि ज्यासाठी त्यांनी चार वर्षं रक्त आटवलं ते हिंदू कोड बिल संसदेत कलमागून कलम अडवलं गेलं आणि शेवटी सोडून दिलं गेलं.

का सोडलं गेलं? मसुद्यात उणीव होती म्हणून नाही. विधिमंत्र्याच्या मागे मतांची फळी नव्हती म्हणून. काँग्रेसचे खासदार विरोधात उभे राहिले तेव्हा त्यांना आवरायला आंबेडकरांकडे ना पक्षादेश होता, ना तिकीट कापण्याची धमकी. १९५२ च्या निवडणुकीनंतर नेहरूंनी तोच विषय तुकडे करून आणला, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा, आणि पक्षाच्या बहुमतावर मंजूर करून घेतला. मूळ विधेयकातलं बरंच काही त्यात पातळ झालं होतं, हे खरं. तरी ज्या सुधारणेपुढे देशातला सर्वांत जाणता विधिमंत्री हतबल झाला, ती पक्षाने पार पाडली. हा बाबासाहेबांचा पराभव मी मानत नाही. काँग्रेसची ती लाजिरवाणी बाजू आहे. पण जाणकाराला मंत्री करा आणि सगळं सुरळीत होईल, असं म्हणणाऱ्याने १९५१ चं हे पान आधी वाचावं.

देशमुखांचंही पाहा. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत निवडून आले, आणि नेमकी त्यामुळेच त्यांच्या राजीनाम्याला धार आली. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर ते बाहेर पडले तेव्हा, हा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न करताच घेतला गेला, असा आरोप त्यांनी लोकसभेत उभं राहून केला. नुसता नेमलेला तज्ज्ञ तत्त्वाचं पत्र लिहून घरी गेला असता. देशमुखांना उत्तर द्यायला मतदार होते.

आणि नेमणूक ज्ञानावर झाली की बरी होते, हे तरी कुठे सिद्ध झालंय? कृष्ण मेनन विद्वान होते, जगभर फिरलेले, संयुक्त राष्ट्रांत तासन्‌तास बोलणारे. संरक्षण खातं त्यांच्याकडे आलं त्यात नेहरूंशी असलेल्या जवळिकीचा वाटा मोठा होता. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा नेहरूंना ते सोडवेनात. आधी त्यांना संरक्षण उत्पादनाचं खातं देऊन आत ठेवण्याचा प्रयत्न झाला. त्यांना बाहेर काढलं ते काँग्रेसच्याच खासदारांनी, आपल्याच पंतप्रधानावर दबाव आणून. पक्ष ही चीज कशासाठी असते, हे त्या आठवड्यात दिसलं. त्यांच्या जागी आले यशवंतराव चव्हाण, ज्यांनी कधी सैन्याचा गणवेश घातला नव्हता, ज्यांचं सगळं आयुष्य कऱ्हाड-साताऱ्याच्या पक्षकार्यात आणि मुंबईच्या सचिवालयात गेलं होतं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अजून अभिमानाने म्हणतो. आज कुणी मुख्यमंत्री एका रात्रीत संरक्षणमंत्री झाला, तर आपल्यातलेच अर्धे लोक विचारतील, याचा अनुभव काय? चव्हाणांचा अनुभव माणसं जोखण्याचा होता. सेनापतींचं ऐकून घ्यायचं कधी आणि त्यांना थांबवायचं कधी, हे कळणं त्या वेळी लष्करी ज्ञानापेक्षा मोलाचं होतं, कारण मेनन यांच्या काळात नेमकं तेच बिघडलं होतं.

वसंतदादांचं शालेय शिक्षण थोडकंच होतं, आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचं दार महाराष्ट्रात त्यांच्या कारकिर्दीत उघडलं. त्या निर्णयाचं बरं-वाईट हा वेगळा लेख होईल. इतकंच, की शिक्षणावर दूरगामी निर्णय घ्यायला पदवी आड आली नाही.

संपूर्ण मंत्रिमंडळच तज्ज्ञांचं केलं तर? इटलीने २०११ च्या नोव्हेंबरात करून पाहिलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मारिओ मोंती पंतप्रधान, आणि मंत्रीही पक्षांबाहेरचे. कर्जाच्या संकटात त्यांनी कठोर आणि बऱ्याच अंशी आवश्यक निर्णय घेतले. २०१३ च्या फेब्रुवारीत ते मतदारांसमोर गेले तेव्हा त्यांच्या आघाडीला दहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि सगळ्या पक्षांना शिव्या घालत आलेल्या नव्या चळवळीला पंचवीस. लोकांना कुणीतरी विचारायला हवं होतं, ते विचारलं नव्हतं. त्याचा हिशेब त्यांनी पहिल्या संधीला चुकता केला.

निष्ठावंतांची बाजू मला जास्त जवळची आहे, म्हणून तिच्याशी जास्त कडक वागतो. ज्याने वीस वर्षं पक्षासाठी खस्ता खाल्ल्या त्याला डावलून आयात उमेदवाराला लाल दिवा (दिवा गेला, शब्द राहिला) मिळतो, तेव्हा त्याचा संताप रास्त आहे. पण निष्ठा कशाशी? १९८० च्या जूनपासून १९८८ च्या जूनपर्यंत महाराष्ट्राने सहा मुख्यमंत्री पाहिले: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार. एकाच पक्षाचं राज्य, विधानसभेत भक्कम बहुमत, आघाडीची कटकट नाही. तरीही मुख्यमंत्री कोण, त्याच्या मंत्रिमंडळात कोण, हे दिल्लीहून ठरत होतं. भोसल्यांचं नाव आलं तेव्हा काँग्रेसचेच आमदार चकित झाले होते. पक्षीयपणाचा हा कळस होता, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला तर त्यात पक्ष कुठेच दिसत नाही. विधिमंडळ पक्षाची बैठक व्हायची ती निर्णय ऐकायला. पक्षनिष्ठा संपून व्यक्तिनिष्ठा सुरू होते तेव्हा निष्ठावंत आमदार आणि होयबा यांत फरक उरत नाही, आणि हे आज कुठल्या एका पक्षाचं वैशिष्ट्य राहिलेलं नाही.

मुख्यमंत्र्याच्या हाती सगळी निवड दिली तर हुजऱ्यांचा दरबार भरेल, ही शंका घटना समितीतही होती. डिसेंबर १९४८ च्या अखेरीस प्रा. के. टी. शहा यांनी मंत्र्यांसाठी पात्रतेच्या अटी घटनेतच घालाव्यात म्हणून दुरुस्त्या सुचवल्या. आंबेडकरांनी त्या स्वीकारल्या नाहीत. गुण हवेत हे मान्य, पण ते पारखणं पंतप्रधानाच्या विवेकावर, विधिमंडळावर आणि पाहणाऱ्या जनतेवर सोडावं, असं त्यांचं म्हणणं होतं. याच चर्चेत सामूहिक जबाबदारीबद्दल ते जे बोलले, ते आजच्या वादात कुणीच आठवत नाही. मंत्रिमंडळाने एकत्रितपणे जबाबदार राहावं असं वाटत असेल, तर मंत्री घेतला जावा तो पंतप्रधानाच्याच सल्ल्याने, आणि पंतप्रधान म्हणाला की तो गेला पाहिजे. नेमणूक आणि बडतर्फी हे दोन्ही दोर एका हातात असल्याशिवाय सामूहिक जबाबदारी अमलात येऊच शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. कुणावर मेहेरबानी म्हणून ते हा अधिकार देत नव्हते. उत्तर कुणाला विचारायचं, हे नक्की असावं म्हणून देत होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही, गंभीर गुन्ह्यांचे आरोप असलेल्यांना मंत्री करू नये ही अपेक्षा बोलून दाखवली, पण निर्णय पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांवरच सोडला.

आता हे २०२५ च्या मंत्रालयात ठेवून बघा. फेब्रुवारीत कोकाटेंनी जाहीर तक्रार केली की मंत्र्यांचे स्वीय सचिव आणि विशेष कार्य अधिकारीसुद्धा मुख्यमंत्रीच ठरवतात. देवेंद्र फडणवीसांनी उत्तर दिलं: आपल्याकडे १२५ नावं आली, त्यांपैकी १०९ मंजूर केली, बाकीच्यांवर आरोप आहेत, ‘फिक्सर’ लोकांना आपण मान्यता देणार नाही. निर्णय योग्यच होता, सहाव्या मजल्यावर येरझाऱ्या घालणाऱ्या कुणालाही विचारा. पण त्यातला विरोधाभास पाहण्याजोगा आहे. मित्रपक्षाच्या मंत्र्याच्या केबिनबाहेर कोण बसेल हे मुख्यमंत्री ठरवू शकतो. आत कोण बसेल हे नाही. घटनेच्या १६४ व्या कलमानुसार मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने होते. व्यवहारात मित्रपक्षाकडून यादी येते आणि मुख्यमंत्री ती राज्यपालांकडे पाठवतो.

पालकमंत्रिपदाचा खेळ तर त्याहून खाली गेला. १८ जानेवारी २०२५ ला जिल्हावार यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडच्या नेमणुका स्थगित झाल्या, कारण मित्रपक्षांचं जमलं नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी कुणाच्या सहीने फिरेल, एवढाच त्यातला प्रश्न. रायगडात काय करायचं यावर दोन पक्षांत मतभेद आहेत, असं त्या काळात मी कुठेच वाचलं नाही. धोरणावर भांडले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

कायद्याने हे आवरता येईल असं वाटणाऱ्यांनी ९१ व्या घटनादुरुस्तीकडे पाहावं. उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी १९९७ मध्ये नव्वदहून जास्त मंत्री केले होते. तसल्या जंबो मंत्रिमंडळांना आळा म्हणून २००३ मध्ये सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणजे जास्तीत जास्त ४३ मंत्री. आकडा आवरला, पण भूक आवरली नाही. ती महामंडळांकडे वळली आणि अडीच-अडीच वर्षांच्या पाळ्यांकडे. त्याच दुरुस्तीत पक्षांतराने अपात्र ठरलेल्याला मंत्री करता येणार नाही असंही लिहिलंय. पण अपात्र ठरवायचं कुणी? अध्यक्षांनी. आणि १० जानेवारी २०२४ च्या निकालात शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही.

काहींना अमेरिकेचं आकर्षण वाटतं: तिथे सिनेटची समिती मंत्र्याला तासन्‌तास उभा-आडवा प्रश्न विचारते, आपल्याकडेही तसं हवं. ते प्रश्न बघायला मलाही आवडतात. १९८९ मध्ये सिनेटने जॉन टॉवर यांचं संरक्षणमंत्रिपद ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळलंही होतं. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच पदासाठी पीट हेगसेथ यांच्या नावावर ५०-५० मतं पडली आणि उपाध्यक्षांनी निर्णायक मत टाकून ते बसवले. मतं कुठे जाणार हे सुनावणीआधीच जवळपास ठरलेलं होतं. शिवाय तिथे मंत्री विधिमंडळाबाहेरचा असतो म्हणून ती चाळणी लागते. आपल्याकडे मंत्र्याला रोज सभागृहात तोंड द्यायचं असतं. तो प्रश्नोत्तराचा तासच गोंधळात वाहून जातो, त्याचं काय करायचं ते आधी बघू.

प्रतिनिधित्वाचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. मंत्रिमंडळ ही गुणवत्ता यादी नाही. विदर्भ, मराठवाडा, कोकण, ओबीसी, दलित, आदिवासी यांना तिथे आपला माणूस दिसला पाहिजे. ९ ऑगस्ट २०२२ ला शपथ घेतलेल्या अठरा मंत्र्यांत एकही बाई नव्हती. त्यावर ओरड झाली ती राजकारणातूनच झाली, कुठल्या तज्ज्ञ समितीने ती केली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चार आल्या. बेचाळिसांत चार ही काही मिरवण्याची गोष्ट नाही, पण शून्य ते चार हा रस्ता पक्षांवरच्या दबावाने कापला गेला.

राहता राहिला सर्वांत अवघड आक्षेप: आघाडीत हिस्सा अटळच असतो, जगभर असतो. जर्मनीत आघाडीचे पक्ष आपापले मंत्री आपणच ठरवतात, आणि तो देश काही बुडाला नाही. खरं आहे. म्हणून आंबेडकरांचा पहिला दोर, नेमणुकीचा, आघाडीत सैल होणार हे मी मान्य करतो. पण जर्मनीत खात्यांच्या वाटपाआधी शेकडो कलमांचा धोरणकरार छापून लोकांसमोर येतो. सोशल डेमोक्रॅट पक्षाने २०१३ आणि २०१८ मध्ये तो सामान्य सदस्यांच्या मताला टाकला. आपल्याकडे २००४ मध्ये दिल्लीत आणि २०१९ मध्ये मुंबईत किमान समान कार्यक्रम जाहीर झाले होते, तोकडे का होईना. आता तेवढंही जुळवत बसत नाहीत. आणि दुसरा दोर, काढून टाकण्याचा, तिथे सरकारप्रमुखाच्याच हातात राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्झ यांनी अर्थसंकल्पावर पटेना म्हणून मित्रपक्षाचे प्रमुख असलेल्या अर्थमंत्री लिंडनर यांनाच काढलं. सरकार पडलं, फेब्रुवारीत निवडणूक झाली, शोल्झ सपाटून हरले. किंमत मोजावी लागली. पण कुणी, कुणाला, कशावरून काढलं, हे मतदाराला माहीत होतं.

आपल्याकडे ही किंमत मोजायला कुणी तयार नसतं. मित्रपक्षाचा मंत्री हलवला तर सरकार जाईल, हे एकच वाक्य सगळ्या प्रश्नांवर फिरवलं जातं. मार्च २०१२ मध्ये ते दिल्लीत फिरवलं गेलं. १४ तारखेला रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी अर्थसंकल्प मांडला, कित्येक वर्षांनी प्रवासी भाडं थोडं वाढवलं. पंतप्रधानांनी त्याचं कौतुक केलं. त्रिवेदींच्याच पक्षाच्या ममता बॅनर्जींनी मात्र त्यांना काढायला सांगितलं. १८ तारखेला त्यांचा राजीनामा, २० ला मुकुल रॉय यांचा शपथविधी, आणि पुढच्या दोन दिवसांत साध्या वर्गांची भाडेवाढ मागे. पंतप्रधानाला आवडलेला अर्थसंकल्प मांडणारा मंत्री पंतप्रधानाच्याच मंत्रिमंडळातून पाच दिवसांत गेला, सरकार वाचावं म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरात तृणमूलने डिझेलची दरवाढ आणि किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरून पाठिंबा काढूनच घेतला. सरकार पडलं नाही. २०१४ च्या मेपर्यंत चाललं. आणि रेल्वे खातं काँग्रेसकडे परत आल्यावर, जानेवारी २०१३ मध्ये, भाडं वाढलंच.